बिल्टीवर नाव कोणाचे?

१ जानेवारी २०२६ या दिवशी अमेरिकेत नव्वदी ओलांडलेला एक कर शून्यावर आला. बंदुकीच्या बाराचा आवाज दाबणारे सायलेन्सर आणि आखूड नळीच्या बंदुका यांवर १९३४ पासून दर नगास २०० डॉलर कर होता. तो २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने त्या दिवशी निघाला. बरोबर एक महिन्याने, १ फेब्रुवारी रोजी, आमच्या देशात तंबाखूवरील जुन्या भरपाई उपकराची जागा नव्या करांनी घेतली. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही असे कोणी म्हटले, तर वरवर पाहता ते खरेच आहे. तथापि एका बाबतीत त्या सख्ख्या बहिणी ठरतात. दोन्हीकडे वाद झाला तो बहुतांशी दराचा. कर किती असावा, तिजोरीत किती पडेल, व्यापाऱ्यास किती सोसेल, या प्रश्नांवर शाई पुष्कळ सांडली. हा माल एका गावाहून दुसऱ्या गावी नेतो कोण, आणि नेणाऱ्याच्या शिरावर जबाबदारी कोणती, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे. ज्या मालाने माणूस मरतो त्या मालावरचा कायदा दुकानाच्या उंबऱ्यावर थांबून चालत नाही; त्याने मालाबरोबर प्रवास केला पाहिजे. हा प्रवास करावयास कायद्याला अमेरिकेत किती वर्षे लागली आणि त्याची किंमत त्या देशाने कशी मोजली, हे आज आमच्या वाचकांपुढे मांडावयाचे आहे. कारण महाराष्ट्रात आपण अद्याप त्या प्रवासाच्या पहिल्याच टप्प्यावर उभे आहोत.

बंदूक आणि तंबाखू यांची जोडी आम्ही ओढूनताणून जमवलेली नाही. अमेरिकेत ती सरकारनेच जमवली. दारू, तंबाखू व शस्त्रास्त्रे या तिहींचा कारभार पाहणारे एकच खाते तेथे आहे. १९७२ मध्ये त्यास स्वतंत्र दर्जा मिळाला, आणि २००३ च्या आरंभी न्यायखात्याकडे जाईपर्यंत ते अर्थखात्याच्या छत्राखाली होते. बंदुकीचा बंदोबस्त पोलिसांकडे असावा, तो तिजोरीच्या कारकुनाकडे कसा, असे आपल्याकडील वाचकास वाटेल. उत्तर त्या देशाच्या राज्यघटनेत आहे. सार्वजनिक सुव्यवस्थेचा सर्वसाधारण अधिकार तेथे राज्यांचा. केंद्राच्या हाती प्रामुख्याने दोन किल्ल्या, एक कर बसवण्याची आणि दुसरी राज्याराज्यांतील व्यापाराचे नियमन करण्याची. म्हणून ज्या वस्तूस आवर घालावयाचा ती वस्तू एक तर कराच्या कक्षेत आणावी लागे, नाही तर वाटेत गाठावी लागे. या दोन किल्ल्यांपैकी कोणत्या किल्लीने कुलूप खरोखर लागले, हे पुढील इतिहास सांगतो.

पहिला प्रयत्न १९२७ चा. अंगावर लपवता येण्याजोगी पिस्तुले व रिव्हॉल्व्हरे सामान्य नागरिकास टपालाने पाठवता येणार नाहीत, असा कायदा अमेरिकन काँग्रेसने केला. हेतू उत्तम होता. शहराशहरांतून गुन्हेगारीचा सुळसुळाट झाला होता, आणि ज्या राज्याने आपल्या हद्दीत पिस्तूलविक्रीवर निर्बंध घातले तेथील माणूस परराज्यातील दुकानाला चिठ्ठी धाडून टपालाने पिस्तूल मागवीत असे. सरकारचाच टपालवाला सरकारचाच कायदा मोडण्यास हातभार लावतो, ही नामुष्की थांबवणे अवश्य होते. परंतु कायद्याने बंद केले ते केवळ सरकारी टपालाचे दार. खासगी मालवाहू कंपन्यांचे दार सताड उघडे राहिले. शिवाय बंदी होती ती लपवता येण्याजोग्या शस्त्रांस. लांब नळीची रायफल टपालात पूर्वीप्रमाणेच चालत असे. वाड्याच्या दिंडीला कुलूप लावून परसदार मोकळे ठेवावे, त्यातलाच हा प्रकार झाला.

दुसरा प्रयत्न १९३४ चा, आणि तो कराचा. दारूबंदीच्या काळात टोळीवाल्यांच्या हाती आलेल्या मशीनगना, आखूड केलेल्या बंदुका व सायलेन्सर यांच्या निर्मितीवर व हस्तांतरावर २०० डॉलरचा कर बसवण्यात आला. त्या काळी टोळीवाल्यांच्या आवडत्या थॉम्सन बंदुकीची किंमतच जवळपास तेवढी होती. म्हणजे कर भरणाऱ्यास वस्तू दुपटीने महाग पडे. नावाने तो कर होता, पण कामाने ती बंदी होती. मात्र आकडा कायद्यात एकदा कोरला गेला तो कोरला गेला. पुढील नव्वद वर्षांत डॉलरचे मोल घसरत गेले, पगार वाढले, बंदुकीच्या किमती वाढल्या. २०० हा आकडा जागचा हलला नाही. जो कर १९३४ मध्ये दारावरच्या अडसरासारखा होता तो हळूहळू उंबऱ्याएवढा झाला, आणि २०२६ मध्ये सायलेन्सरपुरता तो उंबराही काढून टाकण्यात आला. मशीनगनवर तो आजही आहे. कराच्या भरवशावर उभारलेला निर्बंध किती काळ टिकतो, याचा हा नमुना आहे. पैशाची भिंत पैशाबरोबरच झिजते.

आता १९६३ सालाकडे वळू. त्या वर्षी टेक्ससमधील डल्लास शहरात ली हार्वे ऑस्वाल्ड नावाच्या तरुणाने खोटे नाव धारण करून दोन शस्त्रे मागवली. एक दुर्बीण लावलेली जुनी इटालियन रायफल. तिची किंमत १९ डॉलर ९५ सेंट, त्यावर पाठवणावळ दीड डॉलर. दुसरे एक रिव्हॉल्व्हर, किंमत २९ डॉलर ९५ सेंट. रायफल शिकागोच्या दुकानाची, रिव्हॉल्व्हर लॉस एंजलिसच्या दुकानाचे. आणि योगायोग असा की दोन्ही पार्सले एकाच दिवशी, २० मार्च १९६३ रोजी, रवाना झाली. रायफल सरकारी टपालाने आली, कारण १९२७ च्या कायद्याने केवळ लपवण्याजोग्या शस्त्रांस मनाई केली होती. रिव्हॉल्व्हर खासगी मालवाहू कंपनीमार्फत, माल हाती पडताच उरलेले पैसे द्यावयाच्या बोलीवर, म्हणजे ज्याला आपण व्ही. पी. म्हणतो त्या रीतीने आले. कारण १९२७ च्या कायद्याने केवळ सरकारी टपालास मनाई केली होती. कायद्यात दोन छिद्रे होती, आणि एकाच माणसाची दोन शस्त्रे त्या दोन छिद्रांतून एकेक करून आत शिरली. त्याच वर्षीच्या २२ नोव्हेंबर रोजी त्या रायफलने अध्यक्ष केनेडी यांचा प्राण घेतला आणि त्या रिव्हॉल्व्हरने एका पोलीस अंमलदाराचा. हा सारा तपशील वॉरेन आयोगाने १९६४ मध्ये आपल्या अहवालात पावत्यांसह नोंदवून ठेवला आहे.

या प्रकरणात सर्वांत भयंकर गोष्ट कोणती? मारेकऱ्याने खोटे नाव घेतले हे खरे. पण ज्या टपाल-कायद्याने पिस्तुलांना आवर घालावयाचा होता त्याचा वाटेत कोणीही भंग केला नाही. दुकानदाराने पैसे मोजून घेतले, टपालवाल्याने पेटी पोचवली, मालवाहू कंपनीने उरलेले पैसे वसूल केले. प्रत्येकाने आपापले काम चोख केले. मागवणारा कोण आहे, त्याचे नाव खरे की खोटे, हे पाहण्याचे काम कोणाचेच नव्हते. ज्या साखळीत प्रत्येक कडी निर्दोष आहे आणि तरीही टोकाला खून आहे, त्या साखळीत दोष कायद्याचा असतो.

त्यानंतर कायदा त्वरित सुधारला असेल, असा कोणाचा समज असेल तर तो चुकीचा आहे. पाच वर्षे गेली. विधेयके आली, समित्यांत अडकली, बंदूकधारकांच्या संघटनांनी ती रोखून धरली. एप्रिल १९६८ मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग आणि जूनमध्ये रॉबर्ट केनेडी गोळीला बळी पडले, तेव्हा कोठे ऑक्टोबर १९६८ मध्ये अध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीने नवा कायदा झाला. त्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारी विकतची बंदूक थेट गिऱ्हाईकाच्या घरी जाणार नाही. ती गिऱ्हाईकाच्या राज्यातील परवानेधारक विक्रेत्याकडे जाईल, आणि तो विक्रेता समोर उभ्या असलेल्या माणसाची ओळख पाहून, नोंद करून, मगच ती त्याच्या हाती देईल. १९९८ पासून त्या विक्रेत्यास गिऱ्हाईकाच्या पूर्वचरित्राचीही झडती घ्यावी लागते. म्हणजे वाटेच्या शेवटी एक नाव असलेला, पत्ता असलेला, परवाना गमावण्याची भीती असलेला माणूस उभा करण्यात आला. या कायद्याने अमेरिकेतील रक्तपात थांबला असे आम्ही म्हणत नाही. त्या देशात बंदुकांची संख्या अफाट आहे, राज्याच्या आतले खासगी व्यवहार बऱ्याच ठिकाणी मोकळे आहेत, आणि हत्यांच्या वार्ता थांबलेल्या नाहीत. परंतु वर्तमानपत्रातील जाहिरातीचे कुपन कापून, खोट्या नावाने, घरबसल्या परराज्यातून रायफल मागवण्याचा तो विशिष्ट मार्ग बंद झाला. जे काम ३४ वर्षांत करास जमले नव्हते, ते वाटेवर उभ्या केलेल्या एका जबाबदार माणसाने केले.

तंबाखूची कथा यापेक्षा कमी रक्तरंजित आहे. बळींची संख्या मात्र कमी नाही. तेथे सिगारेटवर प्रत्येक राज्याचा स्वतंत्र कर असतो. आयोवा राज्याने १९२१ मध्ये त्याचा आरंभ केला, आणि हळूहळू सर्व राज्ये त्या वाटेने गेली. दर मात्र सारखे नाहीत. मिसूरी राज्याने १९९३ मध्ये पाकिटामागे १७ सेंट कर ठरवला. न्यूयॉर्क राज्याने २०२३ मध्ये तो ५ डॉलर ३५ सेंटांवर नेला. दोन राज्यांच्या करांत एवढी दरी असली की ती बुजवावयास व्यापारी पुढे येणारच. सिगारेटची पार्सले कमी कराच्या राज्यातून जास्त कराच्या राज्यात वाहू लागली. हा उद्योग जुनाच आहे. १९४९ मध्येच काँग्रेसने कायदा करून अशा विक्रेत्यांवर बंधन घातले की, परराज्यात माल धाडल्यास गिऱ्हाईकांची नावे व पत्ते त्या राज्याच्या करखात्यास कळवावेत. परंतु शिक्षा किरकोळ आणि अंमलबजावणी त्याहून किरकोळ. पुढे इंटरनेट आले आणि जे दुकान पूर्वी राज्याच्या सीमेवर होते ते प्रत्येक घरात पोचले. पडद्यावर वयाच्या चौकटीत अठरा हा आकडा टाकला की बारा वर्षांच्या मुलासही सिगारेट मिळावयास अडचण उरली नाही. आकडे टाकणाऱ्याची मिशी फुटली आहे की नाही, हे पडद्याला दिसत नाही.

काही राज्यांनी हा प्रश्न योग्य टोकाकडून, म्हणजे वाहकाच्या टोकाकडून, हाती घेतला. मेन राज्याने २००३ मध्ये कायदा केला की, माल पोचवणाऱ्या कंपनीने घेणाऱ्याचे वय व ओळख पाहूनच तंबाखूचे पार्सल द्यावे. मालवाहू कंपन्यांच्या संघटना न्यायालयात गेल्या. वाहतुकीचे दर, मार्ग व सेवा यांबाबत राज्यांनी नियम करू नयेत असा १९९४ चा केंद्रीय कायदा होता; त्याचा आधार घेऊन २००८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मेन राज्याची ती कलमे एकमताने रद्दबातल ठरवली. न्यायमूर्तींनी कायद्याचा अर्थ लावला, तो चुकला असे म्हणण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु त्याचे फलित असे झाले की, मुलांच्या आरोग्यापेक्षा पार्सलाची वेळ महत्त्वाची ठरली. आणि हा अन्वय बदलावयाचा तर आता केंद्रानेच हातपाय हलवले पाहिजेत, हेही स्पष्ट झाले.

केंद्राने ते केले. ३१ मार्च २०१० रोजी अध्यक्ष ओबामा यांची सही झालेल्या कायद्याने सिगारेट व चघळावयाची तंबाखू यांस, थोडे अपवाद वगळता, सरकारी टपाल बंद झाले. खासगी कंपन्यांमार्फत माल धाडणाऱ्यावर बंधने आली. जेथे माल पोचतो त्या राज्याचा कर आधी भरला पाहिजे. पार्सलावर आत तंबाखू असल्याचे स्पष्ट लिहिले पाहिजे. एका पार्सलाचे वजन दहा पौंडांहून अधिक असता कामा नये. दारात माल घेणाऱ्याची सही आणि वयाचा दाखला घेतला पाहिजे. आणि दरमहा त्या राज्यास हिशेब दिला पाहिजे. सर्वांत महत्त्वाचे कलम याहून पुढचे आहे. कायदा न पाळणाऱ्या विक्रेत्यांची यादी सरकार करते व ती वाहकांकडे धाडते. ती हाती पडल्यावर त्या विक्रेत्याचे पार्सल वाहणे हा वाहकाचा दोष ठरतो. "आम्ही केवळ ओझे वाहतो, आत काय आहे ते आम्हांस काय ठाऊक", हा हमालाचा जुना युक्तिवाद येथे संपला.

तो खरोखर संपला हे सिद्ध होण्यास एक खटला पुरला. न्यूयॉर्क राज्य व न्यूयॉर्क शहर यांनी एका बड्या खासगी पार्सल-कंपनीवर दावा लावला की, बेकर सिगारेट जात आहेत हे समजत असूनही तिने ती पार्सले पोचवली. २०१७ मध्ये न्यायालयाने कंपनीवर सुमारे २४ कोटी ७० लाख डॉलरचा बोजा ठेवला. २०१९ मध्ये अपिलात तो कमी होऊन सुमारे ९ कोटी ७६ लाखांवर आला. रक्कम घटली, पण तत्त्व टिकले. गाडीवानास चार दिवस कोठडीत बसवून जे साधत नाही, ते गाडीच्या मालकाच्या ताळेबंदात एक मोठा आकडा उतरला की साधते. पुढे २०२० च्या अखेरीस हाच कायदा विजेच्या सिगारेटींना लागू करण्यात आला, आणि २०२१ च्या ऑक्टोबरात टपालखात्याने तशी नियमावली काढली.

या धोरणाला आक्षेप नाहीत असे नाही, आणि ते उडवून लावण्याजोगेही नाहीत. न्यूयॉर्क राज्याच्या पश्चिम भागातील सेनेका या मूळ रहिवाशांच्या समाजात सिगारेटच्या टपालविक्रीवर अनेक कुटुंबांची चूल पेटत होती. आपल्या जमिनीवर राज्याचा कर चालत नाही, हा त्यांचा तहांवर आधारलेला दावा होता. ज्या समाजाची भूमी गेली त्याच्या हातचा व्यापारही कायद्याने जावा, यातील व्यथा कोणासही समजण्यासारखी आहे. दुसरा आक्षेप खासगीपणाचा. आज तंबाखूसाठी पार्सलाकडे बोट दाखवले तर उद्या पुस्तकासाठी दाखवले जाईल, प्रत्येकाची टपालाची पिशवी सरकार उलगडून पाहू लागेल, ही भीती लोकशाहीत निराधार म्हणता येत नाही. त्यावर आमचे उत्तर एवढेच की, वरील कायद्याची भिस्त पार्सले उघडण्यावर नाही. पाठवणाऱ्याने खरे नाव लिहावे, मालाचे खरे वर्णन लिहावे, आणि घेणाऱ्याने खरा चेहरा दाखवावा, एवढीच त्याची अपेक्षा आहे. प्रामाणिक माणसाच्या खासगीपणास त्यात धक्का लागत नाही. धक्का लागतो तो निनावीपणास. खासगीपण आणि निनावीपण या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि अवैध व्यापारास दुसऱ्याची गरज असते.

आता आपल्या घराकडे पाहू. शस्त्रांच्या बाबतीत आपला कायदा अमेरिकेच्या मानाने कडक आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या बाराव्या कलमात शस्त्रांच्या वाहतुकीवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. ऑस्वाल्डने बोळ शोधण्यापूर्वीच आपल्या संसदेने तो बोळ ओळखला होता. विजेच्या सिगारेटीवरील २०१९ च्या कायद्यातही हीच जाणीव दिसते. त्याच्या लांबलचक नावात उत्पादन, निर्मिती, आयात, निर्यात, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांबरोबर 'वाहतूक' हा शब्द नावातच गोवलेला आहे. म्हणजे आपल्या विधिज्ञांस हे तत्त्व ठाऊक नाही असे नव्हे.

परंतु ज्या मालाने महाराष्ट्राची तोंडे सडत आहेत त्या गुटख्याचे काय? जुलै २०१२ मध्ये आपल्या राज्याने गुटख्यावर बंदी घातली, आणि ती पुढे वाढवण्यात आली. ही बंदी २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या तिसाव्या कलमाच्या आधारे आली. ते कलम वाचकांनी अवश्य डोळ्यांखालून घालावे. सार्वजनिक आरोग्यासाठी एखाद्या अन्नपदार्थाचे उत्पादन, साठवण, वितरण किंवा विक्री मना करण्याचा अधिकार त्यात अन्न आयुक्तास दिलेला आहे, तोही एका वेळी फार तर एका वर्षासाठी. 'वाहतूक' हा शब्द त्या ओळीत नाही. वितरणात वाहतूक येतेच, असे सरकारी वकील म्हणतील; परराज्यातून परराज्यात जाणारा माल केवळ आमच्या रस्त्यावरून जात होता, त्याचे येथे वितरण नव्हते, असे मालधन्याचे वकील म्हणतील. आयुक्त आपल्या आदेशात तो शब्द घालू शकतात. पण मूळ कलमात जे नाही ते आदेशाने कितीसे टिकते, हा वाद घालावयास जागा उरतेच. एका शब्दाच्या अभावी मालमोटार नाक्यावरून पुढे निघून जाऊ शकते, आणि ती भरून नेणारा धनी तर त्या वादात दिसतच नाही.

बंदीनंतर व्यापाऱ्यांनी आणखी एक वाट काढली. सुगंधी सुपारी एका पुडीत, तंबाखू दुसऱ्या पुडीत. दोन्ही शेजारी टांगलेल्या, आणि गिऱ्हाईकाने तळहातावर एकत्र कराव्यात. प्रत्येक पुडी वेगळी पाहिली तर ती गुटखा नाही. दोन्ही एकत्र झाल्या की गुटखाच. १९२७ च्या कायद्यात रायफल एका दाराने आणि रिव्हॉल्व्हर दुसऱ्या दाराने आले, त्याचीच ही टपरीवरची आवृत्ती आहे. पुढे राज्याने सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारी यांनाही बंदीत ओढले. पण कायदा मालाच्या मागून धावतो आहे आणि माल दोन पावले पुढेच आहे, हे चित्र बदललेले नाही.

तशात तिजोरीची भूमिका पाहावी. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा गुटख्यावर २०४ टक्के भरपाई उपकर ठरवण्यात आला. ज्या मालावर राज्यांनी बंदी घातली तो माल केंद्राच्या करपत्रकात नावानिशी विराजमान झाला, आणि १ फेब्रुवारी २०२६ च्या नव्या व्यवस्थेतही त्याचे नाव गेलेले नाही. कर बसवणे म्हणजे परवानगी देणे नव्हे, हे आम्ही जाणतो. बंदी राज्याराज्यांची आहे आणि कर देशाचा आहे. जेथे माल बनेल तेथे तो गाठावा हे करखात्याचे कर्तव्यच आहे. परंतु एक हात दारात उभा राहून "आत येऊ नको" म्हणतो आणि दुसरा हात त्याच दारात दक्षिणेसाठी पसरलेला असतो, तेव्हा पाहुण्यास कोणत्या हाताचे म्हणणे खरे वाटेल? कर वाढवावा, यास आमचा पूर्ण पाठिंबा आहे. महाग तंबाखू कमी विकली जाते. पण कर वाढला आणि वाट मोकळीच राहिली, तर मिसूरी आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये जे झाले तेच होते. करामुळे जी दरी पडते, तिच्यातून चोरटा व्यापार वाहू लागतो.

हा प्रश्न आकड्यांचा नाही, माणसांचा आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातील प्रौढांपैकी २८.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरीत असल्याचे आढळले, आणि २१.४ टक्के लोक धूर न काढता ती चघळीत वा दातांना लावीत होते. त्यातले पुष्कळ जण पुढे परळच्या टाटा रुग्णालयाच्या ओसरीवर गालाला फडके बांधून बसलेले दिसतात. आम्ही काही वर्षे शाळेत खडू हाती धरला आहे. मधली सुट्टी संपवून वर्गात येणारा मुलगा हजेरीला "हजर" म्हणताना ओठ का मिटून घेतो, हे मास्तरला पहिल्या बाकापासून ओळखता येते. २००३ चा कायदा सांगतो की शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये आणि अठरा वर्षांखालील मुलास ती देऊ नये. हा कायदा टपरीवाल्यास ओळखतो. टपरीपर्यंत पुडी आणून देणाऱ्यास मात्र तो ओळखत नाही.

मग करावयाचे काय? आमचे म्हणणे थोडक्यात असे. अन्नसुरक्षा कायद्याच्या त्या कलमात संसदेने 'वाहतूक' हा शब्द घालावा. विजेच्या सिगारेटीच्या कायद्यात जो चालला तो गुटख्याच्या बाबतीत जड जाण्याचे कारण नाही. एप्रिल २०१८ पासून पन्नास हजार रुपयांवरील आंतरराज्य मालास ई-वे बिल लागते, म्हणजे पाठवणारा, घेणारा व गाडी यांची नोंद सरकारदरबारी असतेच. ती नोंद केवळ कराच्या हिशेबासाठी न वापरता अन्न व औषध प्रशासनाच्या हाती द्यावी, आणि जप्त मालाच्या बिल्टीवर खोटे वर्णन आढळल्यास तो स्वतंत्र गुन्हा समजावा. माल पकडला की केवळ चालक व क्लीनर यांना पुढे करून प्रकरण मिटवू नये. वाहतूक कंपनी, बिल्टी फाडणारा दलाल आणि गुदामाचा मालक यांच्याकडून मालाच्या किमतीच्या पटीत दंड वसूल व्हावा. आणि एकदा दोषी ठरलेल्या मालधन्यांची यादी दर वाहतूक कार्यालयात टांगलेली असावी, म्हणजे "आम्हांस ठाऊक नव्हते" हे वाक्य कोणाच्याही तोंडी शोभणार नाही. निपाणीच्या परिसरातील तंबाखूचा शेतकरी आणि सोलापुरात विड्या वळून घर चालवणारी बाई यांचा यात बळी जाता कामा नये. त्यांना दुसऱ्या पिकाकडे आणि दुसऱ्या उद्योगाकडे नेण्यासाठी तंबाखूच्या करातील काही हिस्सा राखून ठेवावा. अमेरिकेत बंदुकीवरील उत्पादनकराचा पैसा १९३७ च्या कायद्यापासून वन्यजीवांच्या रक्षणाकडे जातो. ज्या वस्तूने हानी होते तिच्याच उत्पन्नातून भरपाई करण्याची ही रीत अनुकरणीय आहे. हरणासाठी जे होऊ शकते ते विडी कामगार बाईसाठी का होऊ नये?

अमेरिकेला १९२७ पासून १९६८ पर्यंत ४१ वर्षे आणि एका राष्ट्राध्यक्षाचा प्राण एवढी किंमत मोजावी लागली, तेव्हा बंदुकीच्या पार्सलावर एका जबाबदार माणसाचे नाव लागले. सिगारेटच्या पार्सलावर तसे नाव लागावयास १९४९ पासून २०१० पर्यंत ६१ वर्षे गेली. आपल्या बंदीला जुलै २०१२ मध्ये सुरुवात झाली. येथे कोणी राष्ट्राध्यक्ष भर रस्त्यात पडणार नाही, त्यामुळे कोणी आयोग नेमला जाणार नाही आणि पावत्यांचा अहवालही निघणार नाही. येथे माणसे एकेक करून, आपापल्या घरी, तोंड उघडता येईनासे होऊन जातात. त्यांच्यापर्यंत जी पुडी पोचली ती कोणत्या तरी गुदामातून, कोणत्या तरी गाडीतून, कोणत्या तरी बिल्टीवर आली होती. त्या बिल्टीवर नाव कोणाचे होते, हा प्रश्न विधिमंडळात व संसदेत विचारण्याची हिंमत आमच्या प्रतिनिधींनी दाखवावी. आणि उत्तर मिळेपर्यंत वाचकांनी तो त्यांना विचारीत राहावे.